तळटीप : इलेक्ट्रॉनची वाट

* इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती ग्रहासारखा फिरतो, हे लेखकाचे विधान मूळ आवृत्तीप्रमाणे ठेवले आहे. आज ते ग्राह्य नाही. इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते, असे द ब्रॉय यांनी १९२४ साली मांडले. १९२७ मध्ये न्यूयॉर्कला डेव्हिसन व जर्मर यांनी ५४ व्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावर सोडले. ते वाटेल तसे न विखुरता ५० अंशांच्या कोनात ठळकपणे एकवटले. त्यावरून तरंगलांबी निघाली १.६५ अँगस्ट्रॉम, द ब्रॉय यांच्या सूत्राने येते १.६७. हा मेळ आजही थक्क करतो! इलेक्ट्रॉन असा तरंगासारखा वागतो, म्हणून अणूतल्या इलेक्ट्रॉनला आखीव वाट नसते. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच गणित सांगते. शेजारची वर्तुळाकार आकृती वाचकांनी केवळ सोयीपुरती समजावी. – संपादक