फसलेला उपचार आणि फ्रांत्झ फॅनन

१/ नोव्हेंबर १९५३. मार्टिनिक बेटावर जन्मलेले २८ वर्षांचे मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्झ फॅनन फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात, ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. त्यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया व २२० मुस्लिम पुरुष रुग्ण सोपवण्यात आले.

२/ रुग्णालयालाच एक छोटा समाज मानून उपचार करण्याची पद्धत ते फ्रान्समध्ये शिकले होते. सभा, नाटक, वृत्तपत्र, हस्तकला यांमुळे स्त्रियांचा कक्ष बोलता झाला. पुरुषांच्या कक्षात मात्र हेच सारे उपक्रम फसले.

३/ असे का व्हावे? अंत्वान पोरो यांच्या अल्जिअर्स संप्रदायापाशी उत्तर तयार होते : उत्तर आफ्रिकेतील मुस्लिमाचे मनच आदिम! फॅनन यांनी दोष रुग्णांत नव्हे, पद्धतीत शोधला. टोपल्या विणणे हे या पुरुषांच्या लेखी बायकांचे काम होते. बहुतेक निरक्षर, त्यांना वृत्तपत्राचा काय उपयोग? शिवाय डॉक्टरांना अरबी येत नसल्याने मनातले दुःखही दुभाष्यामार्फत सांगावे लागे.

४/ मग कक्षात अरबी धाटणीचे कॉफीगृह उघडले, मुस्लिम सण साजरे होऊ लागले, कथेकरी येऊ लागले. १९५४ मध्ये सहकारी झाक अझुले यांच्यासह लिहिलेल्या लेखात फॅनन यांनी पहिल्या प्रयोगाच्या अपयशाची परखड चिकित्सा केली.

५/ तरीही कक्षाबाहेरची गुलामी कायम होती. जी राजवट माणसाला स्वतःच्याच देशात परका करते, तिच्या चाकरीत राहून त्याचे मन सावरता येत नाही, या निष्कर्षाने त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी १९५७ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले.