सौर कृषिपंप धोरण : चोरखमारा ते जर्मनी

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे तलावाकाठचे, नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वाराचे गाव. याच तालुक्यात ३,३०० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. तरीही कृषिपंपांना रात्रपाळीची वीज म्हणजे अंधारात बांधावर जाणे. जंगलालगतच्या धानपट्ट्यात हा जिवाशी खेळच. दिवसा वीज हा म्हणूनच येथे धोरणाचा खरा कस ठरतो.

राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. यात उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून कृषिवाहिनीला वीज मिळते. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो.

जर्मनीने वाट वेगळी धरली. २००० च्या कायद्याने सौर-पवन विजेला २० वर्षांचा ठरावीक दर दिला. भार ग्राहकांच्या बिलावर पडला, २०२२ मध्ये तो अधिभार हटला. जपानने २०१२ मध्ये अशीच दरहमी दिली.

तेथे वीज विकणाऱ्याला हमी, येथे पंप घेणाऱ्याला अनुदान. अल्पभूधारकाला दुसरेच अधिक सोयीचे; मात्र पंप बिघडल्यावर दुरुस्ती वेळेत व्हायला हवी, रोवणीच्या दिवसांत तर नक्कीच.