बी, कलम आणि खुंट : विस्टेरियाच्या वेलीचा एक इतिहास

मराठीत 'कलम' हा शब्द तीन घरचा पाहुणा आहे. लेखणी म्हणजे कलम, कायद्यातील पोटविभाग म्हणजे कलम आणि एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधून वाढवलेले रोप म्हणजेही कलम. बागाईतदाराच्या बोलण्यात कलमाला मान असतो; बियापासून उगवलेल्या झाडाकडे तो थोडा संशयानेच पाहतो. कलमी आंब्याचे फळ कसे निघेल हे आधीच ठाऊक असते, रायवळाचे मात्र झाडाला विचारावे लागते. कलमातून मूळ झाडाची हुबेहूब आवृत्ती मिळते, बियातून त्याची संतती मिळते, आणि संतती आईबापांसारखी निघेलच याची हमी निसर्ग देत नाही. हा साधा भेद मनात ठेवून आम्ही येथे विस्टेरिया या वेलीच्या इतिहासातील काही पाने उलटणार आहोत. बियापासून विस्टेरिया वाढवून त्याचे बोन्साय करावे काय, या वरवर छंदिष्ट वाटणाऱ्या प्रश्नातून परंपरा म्हणजे काय आणि ती पुढे कशी जाते, हा आम्हां साहित्याच्या अध्यापकांना सतत छळणारा प्रश्न डोके वर काढतो.

प्रथम वनस्पतीविषयी थोडे. विस्टेरिया ही शेंगवर्गीय वेल, म्हणजे आपल्या वालपापडीची नि सोयाबीनची दूरची नातलग. वसंतात तिला जांभळ्या, निळसर किंवा पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबतात. चिनी विस्टेरियाचे घोस साधारणतः वीतभर ते फूटभर लांबीचे. जपानी विस्टेरियाचे त्याहून पुष्कळ लांब. तिच्या एका प्रसिद्ध वाणाचे नावच 'क्युशाकु', म्हणजे 'नऊ शाकु' असे आहे. शाकु म्हणजे सुमारे 30 सेंटीमीटर. तेव्हा नावात थोडी काव्यात्म अतिशयोक्ती आहे हे उघड आहे. या दोन जातींच्या वेली आधाराभोवती परस्परविरुद्ध दिशांनी वळसे घेतात, आणि जाणकार फुले नसतानाही त्यांना ओळखतात ते यावरूनच.

बोन्साय करणाऱ्यांच्या जगात या वेलीबाबत एक सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो : बियाच्या वाटेला जाऊ नका. कारणे सबळ आहेत. बी रुजवणे मुळीच अवघड नाही. कठीण टरफलाला किंचित खरवडून ते दिवसभर कोमट पाण्यात भिजत घातले की काही आठवड्यांत कोंब येतो. अवघड असते ती पुढची प्रतीक्षा. बियापासून झालेली वेल फुलावर यायला दहा-पंधरा वर्षे सहज घेते, कधी त्याहूनही अधिक. कलमी रोप मात्र तीन-चार वर्षांत फुलू शकते. शिवाय उथळ कुंडीत कोंडलेल्या रोपाचा बुंधा जाड होता होत नाही. बोन्सायच्या कलेत पाने लहान करण्याच्या युक्त्या आहेत, पण विस्टेरियाचे घोस कुंडी पाहून आखडत नाहीत. म्हणून तिचे बोन्साय मोठेच करावे लागते आणि बुंध्याला तो भार शोभेल इतके वय यावे लागते. खत सढळ हाताने घातले, विशेषतः नत्र, तर पानेच पाने येतात आणि फुले रुसतात. पंधरा वर्षांनी जे फूल येईल त्याचा रंग फिका असेल की गडद, घोस आखूड असेल की लांब, हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात. जपानी भाषेत बियापासून झाड वाढवण्याला 'मिशो' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. परंतु विस्टेरियासाठी गुटी कलम, खुंटावरचे कलम किंवा जुन्या वेलीचा बुंधाच उपटून कुंडीत बसवणे, हेच मार्ग शहाणपणाचे मानले जातात.

इतिहासही प्रायः या शहाणपणाच्याच बाजूने चालला. चिनी विस्टेरिया इंग्लंडात पोहोचली ती 1816 साली. कँटन येथे ईस्ट इंडिया कंपनीचा चहा-परीक्षक जॉन रीव्ह्‌ज हा वनस्पतींचा शौकीन होता. तेथील कॉन्सिक्वा या नावाने परदेशीयांत ओळखल्या जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या बागेतील वेलीपासून केलेली रोपे त्या वर्षी दोन कप्तानांनी आपापल्या जहाजांतून लंडनला नेली. त्यांपैकी एका जहाजाचे नाव 'वॉरन हेस्टिंग्ज' होते, ही गोष्ट भारतीय वाचकाला खटकल्याशिवाय राहणार नाही. कँटनचा चहा विकत घेण्यासाठी लागणारा पैसा ज्या व्यापारातून उभा राही, त्यात हिंदुस्थानातील कापूस आणि अफू यांचा वाटा मोठा होता. फुलांचा इतिहासदेखील हिशेबाच्या वह्यांपासून अलिप्त नसतो.

पुढे दीर्घकाळ युरोपातील चिनी विस्टेरियाचा विस्तार मुख्यतः या पहिल्या रोपांच्या दाब कलमांतून झाला, असे मानले जाते. म्हणजे इंग्लंडातील असंख्य घरांच्या भिंतींवर चढलेली वेल ही एका अर्थी कँटनमधल्या त्या एकाच बागेतील वेल होती. परंतु त्या बागेच्या मालकाचे काय झाले? कॉन्सिक्वाने अमेरिकन व्यापाऱ्यांना मोठ्या रकमा उधार दिल्या होत्या. त्या बुडू लागल्या तेव्हा त्याने 1814 मध्ये थेट अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्याकडे दाद मागणारा अर्ज केला. त्याचा उपयोग झाला नाही; 1823 साली तो कर्जबाजारी अवस्थेत वारला. वेलीला नाव मिळाले ते फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कॅस्पर विस्टार यांचे. टॉमस नटल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1818 मध्ये, विस्टार यांच्या निधनाच्याच वर्षी, हे नामकरण केले आणि छापताना 'विस्टारिया'ऐवजी 'विस्टेरिया' केले. ज्याच्या अंगणातून वेल आली तो नावातून पुरता निसटला. कलम जिवंत राहिले, कलम देणारा हात विसरला गेला.

जपानमध्ये या वेलीचे नाव 'फुजी'. प्रसिद्ध पर्वताच्या नावाशी उच्चार जुळत असला तरी लिहिण्याची चिन्हे निराळी आहेत. 669 साली सम्राट तेन्जी यांनी मृत्युशय्येवरील आपल्या विश्वासू मंत्र्याला, नाकातोमी नो कामातारीला, 'फुजिवारा' म्हणजे 'विस्टेरियाचे मैदान' हे कुलनाम बहाल केले. पुढे कित्येक शतके या घराण्याने राजदरबारावर सत्ता गाजवली ती प्रामुख्याने आपल्या कन्या राजघराण्यात देऊन. वेलीने दुसऱ्याच्या आधाराने वर चढावे आणि अखेर आधारालाच वेढून टाकावे, असा हा प्रकार. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबूने लिहिलेल्या गेंजीच्या कथेत नायकाच्या अप्राप्य प्रेमाचे नाव 'फुजित्सुबो' आहे, म्हणजे विस्टेरियाच्या दालनात राहणारी. आणखी एक योगायोग लक्षणीय आहे. कुंडीतील खुज्या झाडांची जपानमधील जी सर्वांत जुनी चित्रे सांगितली जातात, त्यांत 1309 च्या सुमारास तयार झालेल्या कासुगा देवस्थानाच्या चित्रगुंडाळीचा समावेश होतो. आणि नारा येथील कासुगा हे याच फुजिवारा घराण्याचे देवस्थान. त्याच्या आवारात आजही विस्टेरिया फुलते.

पण बियाची आठवण जपानमध्येही कोणी काढली नाही असे नाही. तेरादा तोराहिको हे तोक्यो विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांचे शिष्य आणि उत्तम ललितनिबंधकार होते. विस्टेरियाच्या शेंगा मखमली असतात आणि वाळल्यावर फटकन उकलून बी दूरवर भिरकावतात. 1932 च्या डिसेंबरात घराच्या दारावर असे एक बी येऊन आदळले, त्यावरून तेरादा यांनी 1933 साली 'विस्टेरियाचे बी' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला, आणि शेंग उकलण्याच्या यंत्रणेवर सहकाऱ्यांसह शास्त्रीय शोधनिबंधही प्रसिद्ध केला. एकाच दिवशी अनेक शेंगा जवळपास एकदम का उकलाव्यात, हे कोडे त्यांना खुणावत होते. बी ही केवळ माळ्याची अडचण नसून तिच्यात स्वतःची एक ओढ आहे, हे त्यांच्यासारख्या वैज्ञानिक-साहित्यिकाने टिपावे, हे उचितच होते.

आमच्या विवेचनाचा खरा गाभा मात्र चीनमधील सुझोउ शहरात आहे. तेथील संग्रहालयाच्या जुन्या आवारात एक विस्टेरिया आहे. मिंग काळातील श्रेष्ठ चित्रकार, सुलेखक आणि कवी वेन चंगमिंग (1470–1559) यांनी ती स्वहस्ते लावली असे परंपरा सांगते. वेन चंगमिंग यांनी राज्यसेवेची परीक्षा पुनःपुन्हा दिली आणि प्रत्येक वेळी ते अनुत्तीर्ण झाले. 1523 मध्ये शिफारशीने बीजिंगच्या दरबारात पद मिळाले, पण तेथे मन रमले नाही. तीनेक वर्षांत ते सोडून ते गावी परतले आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्यांनी चित्रे, अक्षरे आणि शिष्य यांच्यात घालवले. त्यांची मुले, पुतणे आणि शिष्य यांनी सुझोउची चित्रपरंपरा पुढे नेली. वेल मात्र आपल्या जागी राहिली. 1860 मध्ये ताइपिंग बंडखोरांनी शहर घेतले आणि त्यांचा सेनानी ली श्यूचंग याने याच परिसरात आपला वाडा उभारला. 1863 च्या अखेरीस शहर पुन्हा सरकारी फौजांच्या हाती गेले. माणसे मेली, राजवटी बदलल्या, वेल उरली.

2006 साली सुझोउ संग्रहालयाची नवी इमारत खुली झाली. तिचे वास्तुकार आय. एम. पेई मूळचे सुझोउच्याच घराण्यातले. नव्या अंगणात विस्टेरिया लावताना त्या वेलीवर वेन चंगमिंग यांच्या वेलीच्या फांद्यांचे कलम करण्यात आले. नवी वास्तू जुन्या परंपरेला अशी शब्दशः जोडली गेली. हा झाला कलमाचा मार्ग. नंतर 2013 पासून संग्रहालयाने दुसराही मार्ग स्वीकारला : त्या जुन्या वेलीच्या शेंगांतील बिया गोळा करून, एका पेटीत तीन, अशा मर्यादित संख्येने त्या विकायला आरंभ केला. दूरदूरच्या लोकांनी त्या घेतल्या आणि कुंड्यांत पेरल्या.

या दोन मार्गांत आम्हांला फार मोठा अर्थ दिसतो. कलमाने वेन चंगमिंग यांची वेल जशीच्या तशी नव्या अंगणात आली. तिच्या पेशी त्याच, फूलही तेच. पेटीतले बी मात्र ती वेल नव्हेच. ते तिचे अपत्य, आणि त्यातही कोणत्या शेजारवेलीचा पराग भुंग्याने आणला हे कोण सांगणार? ते विकत घेणारा पाचशे वर्षांचा वारसा घरी नेत असेलही, पण तो वारसा उघडेपर्यंत काय निघेल हे त्याला ठाऊक नसते, आणि तो उघडायला त्याला पंधरा वर्षे रोज पाणी घालावे लागते.

हे पाणी घालणे किती नाजूक असते, याचा दाखला त्याच शहरात आहे. झोउ शौज्युआन हे विसाव्या शतकातील लोकप्रिय कथाकार, संपादक आणि अनुवादक. पाश्चात्त्य लघुकथांचा त्यांनी केलेला अनुवादसंग्रह 1917 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लू शुन यांनी त्याचे कौतुक केले होते. पुढे ते सुझोउत स्थायिक झाले आणि कुंडीतील झाडांच्या, म्हणजे चिनी 'पेनजिंग'च्या, कलेतील अग्रगण्य जाणकार ठरले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांचा छळ झाला, जपलेली झाडे उद्ध्वस्त झाली आणि 1968 साली त्यांनी आपल्याच बागेतील विहिरीत जीव दिला. कुंडीतल्या झाडाला पाण्यावाचून मरायला उन्हाळ्याचे थोडे दिवस पुरतात. परंपरेचेही तसेच आहे. ती ग्रंथालयात सुरक्षित आहे असे आपण समजतो. वस्तुतः ती रोज कोणीतरी पाणी घालत असल्यामुळे जिवंत असते.

आता मूळ प्रश्नाकडे. साहित्याच्या वर्गात आम्ही बहुतांशी कलमे बांधत असतो. मान्य कवी, मान्य अर्थ, मान्य उत्तरे विद्यार्थ्याच्या खुंटावर बांधायची आणि तीन वर्षांत परीक्षेचे फूल घ्यायचे. यात गैर काही नाही; कलमे नसती तर कित्येक उत्तम वाण केव्हाच लोपले असते. परंतु नवा वाण सहसा कलमातून येत नाही. विस्टेरियाचे जे वाण आज नावाजले जातात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी कोठेतरी एखादे बियाचे रोप आहे, जे कोणीतरी फुलेपर्यंत उपटून टाकले नाही. त्या माणसांची नावे आपल्याला बहुधा माहीत नाहीत. इतकेच नव्हे, तर कलम ज्या खुंटावर उभे राहते तो खुंटही पुष्कळदा बियाचाच असतो. नाव, रंग आणि कीर्ती वरच्या काडीची. जमिनीतून पाणी ओढायचे काम खालच्या अनामिकाचे.

म्हणून बोन्सायसाठी विस्टेरिया बियापासून वाढवावी काय, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर असे : ज्याला फूल हवे आहे त्याने कलम घ्यावे. ज्याला ती वेल समजून घ्यायची आहे, त्याने कलमाच्या शेजारी एक बीही पेरावे. कुंडी अगदी लहान घेऊ नये, नत्र बेताने द्यावे, उन्हाळ्यात पाण्याची हयगय करू नये. आणि पंधरा वर्षांनी पाणी घालणारा हात आपलाच असेल असे गृहीत धरू नये. तोवर दुसऱ्या कोणाला ते काम शिकवून ठेवावे.