ब्राउझर : स्थापना व निष्कासन

ब्राउझर : आंतरजालावरील पृष्ठे मिळवून ती संगणकाच्या पडद्यावर वाचनीय स्वरूपात दाखविणारी आज्ञावली. ती संगणकावर बसविण्याच्या क्रियेस स्थापना व काढून टाकण्याच्या क्रियेस निष्कासन म्हणतात. या क्रिया वरवर पाहता किरकोळ वाटतात. तथापि संगणकावर कोणती आज्ञावली असावी हे त्याच्या मालकाने ठरवावयाचे, की संगणकाचा मूलभूत कारभार पाहणाऱ्या परिचालन प्रणालीच्या निर्मात्याने, हा प्रश्न त्यांतूनच उद्‌भवला आणि न्यायालयांपर्यंत गेला.

आरंभीचा काळ : पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत नेक्स्ट संगणकासाठी लिहिला. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रिसन व एरिक बिना यांनी मोझेइक हा ब्राउझर प्रथम युनिक्ससाठी तयार केला. त्याच वर्षी त्याच्या विंडोज व मॅकिंटॉश आवृत्त्याही निघाल्या. तत्कालीन विंडोज ३.१ मध्ये आंतरजालाशी जोडणी करण्याची सोय अंगभूत नव्हती. त्यामुळे ट्रंपेट विनसॉकसारखी दुसरी आज्ञावली आधी बसवावी लागे. निष्कासनासाठीही सर्वसामान्य सोय नव्हती. धारिका शोधून हाताने पुसाव्या लागत.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये स्थापित आज्ञावलींची यादी व त्या काढण्याची सोय एके ठिकाणी मिळाली. भारतात विदेश संचार निगमने त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट रोजी, सार्वजनिक आंतरजाल सेवा सुरू केली होती. दूरध्वनीवरील संथ जोडणीमुळे मोठ्या धारिका उतरवून घेणे जिकिरीचे होते. म्हणून संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या तबकड्यांवरून ब्राउझर बसविण्याची पद्धत येथे पुष्कळ काळ रूढ होती.

विंडोज व एकत्रीकरणाचा वाद : नेटस्केप कंपनीचा नॅव्हिगेटर हा ब्राउझर डिसेंबर १९९४ पासून झपाट्याने लोकप्रिय झाला. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर बाजारात आणला व पुढे तो विंडोजसोबतच देण्यास प्रारंभ केला. ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. न्यायाधीश टॉमस पेनफील्ड जॅक्सन यांच्या न्यायालयात एक प्रात्यक्षिक झाले. त्यात हा ब्राउझर यादीतून दीड मिनिटाच्या आत काढता आला. त्याने केवळ प्रवेशाचा मार्ग नाहीसा होतो, मूळ संकेत विंडोजमध्येच राहतात, असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे होते. चिन्ह नाहीसे होणे म्हणजे निष्कासन, की संकेतही पुसले जाणे म्हणजे निष्कासन, हा वादाचा मर्मबिंदू ठरला.

जून १९९८ मध्ये आलेल्या विंडोज ९८ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर निष्कासनाच्या यादीतच नव्हता. त्यापूर्वीच, १८ मे १९९८ रोजी, न्यायखात्याने व अनेक राज्यांनी मक्तेदारीविरोधी मुख्य खटला दाखल केला होता. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८ मधून ब्राउझर वेगळा करणारी आज्ञावली न्यायालयापुढे सादर केली. जॅक्सन यांनी जून २००० मध्ये दिलेला कंपनीच्या विभाजनाचा आदेश अपील न्यायालयाने २८ जून २००१ रोजी रद्द केला. परंतु ब्राउझर यादीतून वगळणे व त्याचे संकेत प्रणालीच्या संकेतांत मिसळणे ही कृत्ये स्पर्धेस बाधक असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. २००२ मध्ये तडजोडीस मान्यता मिळाली. त्यानुसार वापरकर्त्यास ब्राउझरचे चिन्ह दृष्टीआड करता येऊ लागले. संकेत मात्र राहिले.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या वादाला आणखी एक अंग होते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी भारतीय भाषांतील अनेक वृत्तपत्रे आपापले स्वतंत्र टंक वापरीत. त्यांपैकी काहींची संकेतस्थळे इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट दिसत. अशा वाचकाला तो काढणे शक्य असले, तरी परवडणारे नव्हते.

मॅकिंटॉश : येथे आज्ञावली हे एकच चिन्ह असल्याचे भासते; ते अनुप्रयोगांच्या कप्प्यात ओढले की स्थापना व कचरापेटीत टाकले की निष्कासन होते. ऑगस्ट १९९७ मधील करारानुसार ॲपलने पाच वर्षांसाठी इंटरनेट एक्स्प्लोरर हाच मूलनियुक्त ब्राउझर ठेवला. जानेवारी २००३ मध्ये ॲपलने सफारी हा स्वतःचा ब्राउझर जाहीर केला. २०१५ पासून प्रणालीच्या धारिकांना विशेष संरक्षण दिले गेल्याने इतर ब्राउझर सहज काढता येतात, सफारी मात्र नेहमीच्या मार्गाने काढता येत नाही.

लिनक्स : या प्रणालीच्या वितरणांत आज्ञावली संचांच्या रूपात सामायिक भांडारातून येतात व कोणत्या संचास कोणता संच लागतो याची नोंद संचव्यवस्थापक ठेवतो. डेबियनमध्ये नुसते काढणे व मांडणीच्या धारिकांसह समूळ काढणे अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ब्राउझरला प्रणालीचा अविभाज्य भाग मानण्याची आवश्यकता नाही, हे या रचनेवरून दिसते.

यूरोपीय उपाय : ऑपेरा कंपनीच्या डिसेंबर २००७ मधील तक्रारीनंतर यूरोपीय आयोगाने निष्कासनाऐवजी निवडीवर भर दिला. मार्च २०१० पासून यूरोपातील विंडोज वापरकर्त्यांना अनेक ब्राउझरांतून एक निवडण्याचा पडदा दिसू लागला. २०११–१२ मध्ये तो सुमारे दीड कोटी संगणकांवर दाखविला गेला नाही, म्हणून मार्च २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी यूरो दंड झाला. इंटरनेट एक्स्प्लोररची जागा एज या ब्राउझरने घेतली व जून २०२२ मध्ये विंडोज १० वरील त्याचा आधार संपला. मार्च २०२४ मध्ये यूरोपीय संघाचा डिजिटल बाजारपेठ अधिनियम पूर्णपणे लागू झाल्यानंतर यूरोपीय आर्थिक क्षेत्रात एज काढून टाकण्याची सोय विंडोजमध्ये करण्यात आली. १९९७ मध्ये ज्या मागणीवरून खटला उभा राहिला, ती अशा रीतीने एका भूप्रदेशापुरती मान्य झाली.

अवशेष : आज्ञावली काढल्यानंतरही वाचनखुणा, भेटींचा इतिहास, साठविलेले परवलीचे शब्द इ. बहुधा वापरकर्त्याच्या कप्प्यात राहतात. ब्राउझर पुन्हा बसविल्यास ते उपयोगी पडतात. परंतु संगणक दुसऱ्याच्या हाती देताना ते स्वतंत्रपणे पुसणे अत्यावश्यक असते. म्हणून निष्कासनानंतर संगणकावर काय उरले आहे हे मालकाला पाहता व पुसता येणे, हा त्याच्या हक्काचाच भाग होय.