आगाखान महाल ते अहमदनगर : कैदेतल्या वह्या

९ ऑगस्ट १९४२ रोजी सकाळी मुंबईहून पुण्याच्या दिशेने एक खास गाडी निघाली. आत सगळे कैदीच होते. चिंचवडला गांधीजी, महादेवभाई देसाई आणि सरोजिनी नायडू यांना उतरवून पुण्याच्या आगाखान महालात नेण्यात आले. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद आणि कार्यकारिणीचे सदस्य त्याच गाडीने पुढे अहमदनगरच्या किल्ल्याकडे रवाना झाले.

पुण्याला कैद्यांच्या रोजनिश्यांची सवय जुनी. १९२२ साली येरवड्यात आलेल्या गांधीजींनी रोजनिशी ठेवली, पण ती अगदी कोरडी. आज कोणते पुस्तक हाती घेतले, कोणते संपले, एवढेच. त्या काळात त्यांनी मौलाना शिबलींचे पैगंबरचरित्र उर्दूतून वाचले. मौलाना हसरत मोहानीही तेव्हा येरवड्यातच शिक्षा भोगत होते. १९३२ साली महादेवभाई येरवड्यात गांधीजींसोबत होते. त्यांची डायरी पानेच्या पाने भरलेली आहे, पण तिच्यात महादेवभाई स्वतः शोधावे लागतात. सगळी जागा बापूंनी व्यापलेली! आगाखान महालात आल्यावर सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला, त्यांचा मृत्यू झाला.

पुढे आजारी कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी मनू गांधी तिथे आली. वय कोवळे. गांधीजींनी तिला रोजनिशी लिहायला लावली. ती लिही, ते वाचत आणि खाली सही करीत. वळण लावण्याची ही रीत असेल. पण सही होणाऱ्या वहीत मुलगी मनातले किती लिहिणार? मला तिच्या डायरीत तिने लिहिलेल्यापेक्षा तिने गिळलेले जास्त जाणवते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा गेल्या, तेही त्याच वहीत आहे.

अहमदनगरच्या मौलानांनी वेगळी वाट काढली. पहाटे उठावे, आपल्या हाताने चहा करावा आणि दोस्ताला पत्र लिहावे. दोस्त म्हणजे हबीबुर्रहमान खान शेरवानी. पत्र बाहेर जाणार नाही हे ठाऊक होते. तरी लिहायचे आणि ठेवून द्यायचे. १९४६ साली ही पत्रे 'गुबारे खातिर' नावाने छापून आली. म्हटले तर पत्रे, म्हटले तर रोजनिशी. चहा, संगीत, अल्लाहचे अस्तित्व आणि खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या, सगळे तिथे आहे. काहींना ते पांडित्य वाटते. मलाही कुठे कुठे वाटले, विशेषतः फारसी शेरांची गर्दी होते तिथे.

पण ११ एप्रिल १९४३चे पत्र वाचावे. दोनच दिवसांपूर्वी बेगम झुलैखा कलकत्त्यात वारल्या होत्या. आजार वाढल्याच्या बातम्या येत होत्या, पण सरकारकडे सुटकेची याचना करायची नाही हे मौलानांनी ठरवले होते. मग दिनक्रम जराही बदलू दिला नाही. वेळेवर जेवणाला बसले, चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. आणि ही शांतता वरवरची होती, आत सगळे ढवळून निघाले होते, हे त्यांनी त्याच पत्रात कबूल केले. जेलरला जे दिसू दिले नाही, शेजारच्या कोठडीतल्या सोबत्यांनाही दिसू दिले नाही, ते कागदाला सांगितले. मनूला असा कागद मिळाला नाही.

आणि झुलैखांना? ३ ऑगस्ट १९४२ रोजी मौलाना मुंबईला निघाले, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि 'खुदा हाफिज'पलीकडे काही बोलल्या नाहीत, हे मौलानांनीच लिहून ठेवले आहे. नवऱ्याच्या अनेक कैदा त्यांनी घरात बसून काढल्या. कस्तुरबांची १९३३ सालची रोजनिशी निदान २०२२मध्ये पुस्तकरूपाने आली. झुलैखांच्या बाजूची हकीकत मात्र आपल्याला मौलानांच्या पत्रातूनच वाचावी लागते. जून १९४५मध्ये सुटका झाल्यावर कलकत्त्याला उतरलेल्या मौलानांनी घरी जाण्याआधी गाडी त्यांच्या कबरीकडे वळवायला सांगितली.