एका औषधाच्या मात्रेचा इतिहास

औषधांचा इतिहास हा डॉक्टरांचा प्रांत. त्यात कामगार संघटनेच्या माणसांनी का शिरावे, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, जे औषध जन्मभर घ्यायचे ते दवाखान्यापेक्षा चाळीत, कारखान्यात आणि रात्रपाळीवरच अधिक घेतले जाते. म्हणून एचआयव्हीवरील पहिल्या औषधाची, झिडोव्हुडिनची, हकीगत आम्ही येथे मांडीत आहोत.

हे औषध १९६४ साली अमेरिकेत जेरोम हॉरविट्झ यांनी कर्करोगासाठी तयार केले. त्या कामी ते निरुपयोगी ठरले व मागे पडले. एड्सची साथ आल्यावर त्याची पुन्हा आठवण झाली. विषाणू आपली प्रत काढताना जी साखळी गुंफतो, तिच्यात हे औषध खोट्या कडीसारखे शिरते आणि साखळी तिथेच खुंटते. १९८६ च्या चाचणीत नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांपैकी १९ रोगी दगावले, औषध घेणाऱ्यांपैकी १. चाचणी मध्येच थांबवण्यात आली आणि मार्च १९८७ मध्ये औषधाला परवाना मिळाला.

पण त्याच चाचणीने दुसरी बाजूही दाखवली. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांचे हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली गेले. रक्त जिथे तयार होते त्या अस्थिमज्जेलाच औषधाची झळ लागत होती. मात्राही जबर होती: दर चार तासांनी, रात्री उठूनसुद्धा, दिवसाला १२०० मिलिग्रॅम. वर्षाचा खर्च सुमारे ८,००० डॉलर. सप्टेंबर १९८९ मध्ये रोग्यांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात निदर्शने केली आणि काही दिवसांतच किंमत २० टक्क्यांनी उतरली. संघटित आवाजाचे मोल आम्ही कोणाला सांगायला नको! १९९० मध्ये मात्रा ६०० मिलिग्रॅमवर आली, कारण कमी मात्रेनेही गुण येतो व त्रास घटतो, हे चाचण्यांतून दिसले होते. मात्र एकट्या औषधाला विषाणू लवकर दाद देईनासा होतो. म्हणून १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एका सेवाभावी संस्थेला तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरमध्ये देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. झिडोव्हुडिन येथे पुष्कळांनी घेतले. आज पहिल्या उपचारात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर असतात आणि झिडोव्हुडिन ठराविक रोग्यांनाच देतात.

ते घेणाऱ्याने काय सांभाळावे? सुरुवातीची मळमळ व डोकेदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. पण धाप लागणे, चेहरा पांढरा पडणे, स्नायू दुखून गळून जाणे ही लक्षणे दिसताच केंद्रात जावे. हिमोग्लोबिन वेळच्या वेळी तपासून घ्यावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, कमीजास्त करू नयेत, दुसऱ्याच्या घेऊ नयेत. चालू असलेली इतर औषधे डॉक्टरांना सांगावीत.

हे सारे सांगणे सोपे, पाळणे कठीण. गोणी उचलणाऱ्याला जिन्यात धाप लागली की मुकादम त्याला कामचुकार ठरवतो. खरे सांगावे तर काम जाईल, या भीतीने तो गोळ्या लपवतो आणि लपवता लपवता चुकवतो. मग औषध हरते, विषाणू जिंकतो. वास्तविक काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ या संसर्गासाठी नोकरी नाकारता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिला. २०१७ च्या कायद्याने असा भेदभाव निषिद्धच ठरवला.

पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत येतो. आत त्याला न्यावे लागते. मात्रा डॉक्टर ठरवतील. ती कोणालाही न भिता, वेळेवर घेता येईल अशी जागा करून देणे हे संघटनेचे आणि आपणा सर्व नागरिकांचे काम आहे.