खाण तशी माती?

१७ सप्टेंबर १९४४. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या डच सरकारने रेडिओवरून आपल्या रेल्वे कामगारांना संपाची हाक दिली. दोस्त राष्ट्रांचं सैन्य हॉलंडमध्ये उतरत होतं आणि जर्मनांची वाहतूक बंद पाडायची होती. संप झाला, पण दोस्तांची मोहीम फसली. जर्मनांनी सूड म्हणून देशाच्या पश्चिम भागात जाणारं अन्न अडवलं. नोव्हेंबरात बंदी थोडी सैल झाली, तर हिवाळा असा कडक पडला की कालवे गोठले आणि धान्याच्या बोटी अडकून पडल्या.

डिसेंबर ते एप्रिल या काळात ॲमस्टरडॅममध्ये प्रौढ माणसाचं रेशन दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर आलं होतं. लोक शुगर बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. वीस हजारांहून जास्त माणसं मेली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि थोड्याच दिवसांत पोटभर अन्न मिळू लागलं. डच लोक त्या काळाला ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात.

त्याच्या एकच वर्ष आधी बंगालच्या दुष्काळात वीस लाखांहून जास्त लोक गेले होते. तरीही भूक आणि मेंदू यांच्या नात्याचा अभ्यास म्हटला की नाव निघतं ते हॉलंडचंच. हे असं का, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. त्याचं उत्तर कागदांत आहे. डच दुष्काळाला सुरुवात आणि शेवट होता. कोणत्या आठवड्यात किती रेशन मिळालं ते लिहिलेलं होतं. जन्माच्या नोंदी होत्या. आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना सैन्यभरतीच्या तपासणीला जावंच लागे, त्यात बुद्धिमापन चाचणीही असे. बंगालमध्ये मेलेल्यांचा आकडासुद्धा अंदाजाने सांगावा लागतो.

हे कागद उघडले झीना स्टाइन आणि मर्विन ससर या जोडप्याने. दोघं मूळ दक्षिण आफ्रिकेचे, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काम करणारे. आईच्या पोटात असताना उपासमार झाली, तर मूल मंदबुद्धी होतं का, हा त्यांचा प्रश्न होता. सव्वा लाख तरुणांचे निकाल तपासून त्यांनी १९७२ मध्ये उत्तर छापलं: नाही. भुकेच्या काळात गर्भात असलेल्या मुलांचे गुण इतरांपेक्षा कमी नव्हते.

गोष्ट इथे संपली असती, पण पुढचं पान त्यांच्याच मुलाने उलटलं. एझ्रा ससर मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात वेगळा प्रश्न विचारला. उपासमार शिगेला असताना ज्यांची गर्भधारणा झाली, म्हणजे जे १९४५ च्या अखेरीस जन्मले, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. १९५९ ते १९६१ च्या चिनी दुष्काळातही पुढे असाच दुपटीचा हिशेब लागला.

पण गर्भातल्या काही आठवड्यांची भूक शरीर इतकी वर्षं लक्षात ठेवतं कसं? ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी या दुष्काळाच्या दोनच वर्षं आधी, १९४२ मध्ये वापरात आणला होता. त्याचा आजचा अर्थ साधारण असा: पुस्तकातला मजकूर तोच, पण काही पानं टाचून ठेवलेली. डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात. त्यामुळे जनुक बदलत नाही, ते किती वाचलं जाणार हे बदलतं. २००८ मध्ये बास हाइमान्स आणि सहकाऱ्यांनी भुकेच्या हिवाळ्यात गर्भधारणा झालेल्या साठ जणांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली. वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावरचं मिथाइलचं प्रमाण त्यांच्यात कमी भरलं. दुष्काळाला तोवर साठ वर्षं उलटली होती.

‘आजीची उपासमार तुमच्या डीएनएत लिहिलेली आहे’ असं सांगणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. म्हणून इथे थांबून नीट बघायला हवं. तो फरक होता पाचेक टक्क्यांचा. तपासलं होतं रक्त, मेंदू नव्हे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण इथे शीत एका पातेल्यातलं आणि भात दुसऱ्या. त्या खुणेमुळेच स्किझोफ्रेनिया झाला, असं त्या अभ्यासाने दाखवलेलं नाही. आणि शंभरातल्या एकाचे दोन झाले, तरी उरलेले अठ्ठ्याण्णव त्या आजारावाचूनच जगले.

आपल्याकडचा धागा पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या नोंदी ठेवल्या. साठ टक्क्यांहून जास्त बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. मिथाइल गट तयार करायला शरीराला हेच जीवनसत्त्व लागतं. नऊ वर्षांनी मुलांची चाचणी घेतली, तेव्हा बी-१२ कमी असलेल्या आयांची मुलं लक्ष टिकवण्यात आणि अल्पकालीन स्मरणशक्तीत थोडी मागे दिसली. इथे ना युद्ध होतं, ना नाकेबंदी. होतं ते रोजचं ताट.

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण माणसाचा निकाल लावायला वापरतो, आणि बोट बहुतेक वेळा आईकडे जातं. तिने काय खाल्लं, तिला पोटात असताना टेन्शन होतं का, वगैरे. ॲमस्टरडॅमच्या आयांनी उपास निवडला नव्हता. अन्न अडवण्याचा हुकूम कुणी काढला ते इतिहासाला ठाऊक आहे. गावातल्या बाईच्या ताटात काय पडतं, हेही तिच्या एकटीच्या हातात नसतं. म्हणून या संशोधनातून ‘आपण असेच घडलो, आता काय’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. गर्भातल्या दिवसांचा हिशेब पुढे अनेक वर्षं लागत असेल, तर त्या दिवसांतल्या रेशनची जबाबदारी कुणाची, हे आधी विचारायला हवं. बी-१२ ची गोळी महाग नाही. ती वेळेवर कुणाच्या हातात पडते, हा प्रश्न रेशन दुकानाचा, अंगणवाडीचा आणि सरकारचा आहे.